वऱ्हाडकाका

पुलंच्या नारायणानंतर लग्नघरातल्या माणसावर लिहायला हात धजत नाही, पण वऱ्हाडकाकांची जात निराळी आहे. नारायण राबतो. काका राबत नाहीत, ते पडताळतात. समोर कुठलाही विधी चालू असू दे, काका मान किंचित तिरकी करून तो न्याहाळतात, मनातल्या मनात सांगली-साताऱ्याच्या एखाद्या लग्नाशी ताडून बघतात आणि मग शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारून सांगतात, "आपल्याकडेही हेच!" हा शिक्का बसल्याशिवाय काकांच्या लेखी लग्न लागत नाही, भटजी काहीही म्हणोत.

परदेशातल्या दर मराठी मंडळाच्या नशिबी असा एक काका असतोच. आमच्या वाट्याला आलेले काका ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या हेक्स्ट कंपनीतून उठले आणि फ्रँकफुर्टच्या पश्चिमेला, ज्या गावावरून कंपनीला नाव पडलं त्या हेक्स्टमध्येच येऊन बसले. पुढे कंपनीचं नाव पुसलं गेलं, आवाराचं इंडस्ट्रीपार्क झालं, काका निवृत्त झाले. त्यांचं तळघर मात्र भरत गेलं. जर्मन माणूस तळघरात सायकल, बटाटे आणि वाइन ठेवतो. काकांच्या तळघरात अंतरपाट, मुंडावळ्यांचे जोड, दोन चौरंग आणि नवरदेवाची एक पगडी आहे. पगडी एकच, डोकी अनेक. मागून सेफ्टी पिन मारून आजवर सगळ्यांना बसवलेली. शिवाय लाल कापडी बांधणीची एक लांबोडकी वही. तिच्यात कुणी कुणाला किती आहेर केला याची नोंद आहे, आणि मंडळातल्या बऱ्याच लोकांची झोप त्या वहीने उडवली आहे.

जर्मन लग्नांनी काकांची फार उपासमार केली. इथे १ जानेवारी १८७६ पासून साऱ्या देशात कायद्याचं लग्न लागतं ते सरकारी नोंदणी कचेरीत, म्हणजे श्टांडेसआम्टात. चर्च वगैरे नंतर, हौस असली तर. भाषण, सह्या, अंगठ्या, संपलं. बाहेर येऊन काकांनी खिशातून अक्षता काढल्या की कचेरीतला माणूस नम्रपणे पाटीकडे बोट दाखवतो : कृपया तांदूळ टाकू नयेत. मग वधूवर दोन मुठींच्या करवतीने ओंडका कापतात. संसाराची सुरुवात सुतारकामाने! काका तिरक्या मानेने बराच वेळ बघत राहिले, पण थाप काही पडली नाही. पोल्टरआबेंडला तर त्यांना बघवेना. लग्नाआधीच्या संध्याकाळी पाहुणे घरून चिनी मातीच्या बश्या आणून दारात फोडतात आणि तो कचरा वधूवरांनी मिळून झाडायचा. ज्या गृहस्थाच्या घरात फुलपात्रावरसुद्धा देणाऱ्याचं नाव कोरलेलं, त्याने हे सोसावं कसं? काकूंनी मागून हात धरला, नाहीतर चार बऱ्या बश्या पिशवीत आल्याच असत्या.

अशा दुष्काळात नायजेरियन लग्नाचं बोलावणं आलं. नवऱ्या मुलाचे वडील काकांचे कारखान्यातले जुने सोबती, इग्बो. दोघांची मैत्री जमली ती कागदपत्रांवरून. जर्मन वकिलाती भारताच्या दाखल्यांवर डोळे मिटून शिक्का मारत नाहीत आणि नायजेरियाच्याही नाही. तिकडच्या वकिलाला गाठून, गावात चौकशी करवून, मग काय ते ठरतं. काकांच्या भाचेसुनेचा जन्मदाखला आणि मित्राच्या होणाऱ्या सुनेचा जन्मदाखला एकाच सुमारास असे अडकले होते. जर्मन सरकारचा आपल्या दोघांवर अगदी सारखाच अविश्वास आहे, हे कळल्यावर माणसं जवळ येतात.

मुलगी लागोसची, योरुबा. हे ऐकल्याबरोबर काका म्हणाले, "म्हणजे देशस्थ-कोकणस्थ!"

मी म्हटलं, "काका, त्यांच्या भाषा वेगळ्या, प्रदेश वेगळे, जेवण वेगळं, एकमेकांवरचे विनोद वेगळे."

"अरे, मी तेच म्हणतोय."

लग्नाच्या दोन महिने आधी काकूंच्या फोनवर कापडाचा फोटो आला. खाली किंमत आणि बँक खात्याचा क्रमांक. याला म्हणतात असो एबी : घरच्यांनी कापड ठरवायचं, आप्तेष्टांनी ते विकत घ्यायचं आणि सगळ्यांनी एका रंगात उभं राहायचं. काकांना प्रथम धक्काच बसला. लग्नाला बोलावतात आणि वर कापड विकतात? पण रात्रभर विचार केल्यावर त्यांना त्यातलं शहाणपण पटलं. आपल्याकडे साड्या यजमानाने द्यायच्या, मग मोठ्या जावेची भारी निघाली, मधलीची हलकी निघाली, की दहा वर्षं अबोला. इथे ज्याने त्याने आपला मान रोख पैसे देऊन घ्यायचा. रुसायला जागाच नाही. काकूंचं कापड लेसचं होतं, आणि मला त्यात आणखी एक गंमत दिसली. नायजेरियन लग्नात अस्सल म्हणून मिरवणारी ही भरतकाम केलेली लेस कित्येक वर्षं ऑस्ट्रियातल्या लुस्टेनाऊ गावात तयार होते. बोडनझे तळ्याच्या अलीकडे जर्मनी, पलीकडे ते गाव. साठच्या दशकापासून तिथल्या कारखानदारांनी लागोसच्या बायकांची आवड ओळखून यंत्रं चालवली. २०१० साली व्हिएन्नाच्या मानववंश संग्रहालयाने या व्यापारावर प्रदर्शनच मांडलं. म्हणजे ते कापड लागोसला जाऊन, पसंत होऊन, पुन्हा काही तासांच्या वाटेवर परत आलं होतं. काकूंचा प्रश्न वेगळाच होता : याला फॉल लागतो का?

हॉल ओफेनबाखच्या औद्योगिक वसाहतीत, टायरच्या गोदामाशेजारी, एका तुर्की मालकाचा. पत्रिकेत एकची वेळ होती. जर्मनीत हाडं मुरलेले काका पावणेएकला कोल्हापुरी फेटा बांधून हजर. आत एक मुलगा फुगे फुगवत होता. त्याने काकांच्या फेट्याकडे बघितलं, काकांनी त्याच्या फुग्यांकडे. साडेतीनला मंडळी जमायला लागली तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत न दिसलेलं समाधान होतं. लग्न वेळेवर न लागण्याचं सुख जर्मनीत कुठून मिळणार!

आणि मग ती आली.

योरुबा लग्नात मुलीकडची एक सूत्रधारीण असते, अलागा इजोको, आणि मुलाकडची एक, अलागा इदुरो. पहिली बसलेली, कारण ती घरची. दुसरी उभी, कारण ती मागणी घालायला आलेली. या बायका नात्यातल्या नसतात, हा त्यांचा धंदा आहे. गाणं, टोमणे, आशीर्वाद, वसुली, सगळं एकाच माइकमधून. इथली इजोको हॅम्बुर्गहून आली होती. अंगाने भरलेली, डोक्यावर गेले, म्हणजे बायकांचा फेटा, इतका उंच बांधलेला की दारातून येताना ती किंचित वाकली. त्यानंतर दिवसभर ती कुणापुढे वाकली नाही. मुलाकडचे दारात आले तर दार उघडायचे पैसे. आत आले तर हसून आले नाहीत म्हणून दंड. मागणीचं पत्र गुलाबी फितीत गुंडाळून आणलेलं, ते वाचणार वधूची धाकटी बहीण. तिचा आवाज अर्ध्यात बसला. घशाला औषध काय? पाकीट. पाकीट हलकं लागलं, तर तिला चष्मा लागतो असं निष्पन्न झालं. करवलीने दार अडवावं तसं हे, पण करवली एकदा अडवते. या बाईने अख्खी दुपार अडवून धरली होती. काकांची थाप माझ्या मांडीवर इतक्या वेळा पडली की मी खुर्ची सरकवली.

मुलाकडच्या वडीलधाऱ्याने तबकातून कोला नट उचललं. त्यावरची प्रार्थना इग्बोतच व्हायला हवी, कोलाला इंग्रजी कळत नाही, असं ते लोक म्हणतात. जर्मन कळण्याचा तर प्रश्नच नव्हता. म्हातारबुवांनी पूर्वजांपासून हॉलच्या मालकापर्यंत सगळ्यांचं भलं मागितलं आणि ते फोडून तुकडे वाटले. "सुपारी फुटली!" काका ओरडले आणि तुकडा दाढेखाली धरून कडकन चावले. कोला कडू असतं, जहर कडू. काकांचे डोळे भरून आले. शेजारच्या बाईंना वाटलं, विधीने गहिवरले. त्यांनी काकांच्या हातावर हात ठेवला.

साष्टांग नमस्काराच्या वेळी काका उठलेच. योरुबा रिवाजाप्रमाणे नवरा आणि त्याचे मित्र सासूसासऱ्यांपुढे जमिनीवर सपशेल आडवे होतात, एकदा नाही, इजोकोचं मन भरेपर्यंत. इग्बो पोरांना ही सवय नाही. त्यांनी गुडघे टेकले, तळहात टेकले, आणि नवे कोरे कपडे सांभाळत मधेच थांबले. काकांना ते अर्धवट नमन पाहवेना. फेटा काकूंच्या मांडीवर ठेवून ते पुढे झाले आणि ओफेनबाखच्या फरशीवर, सत्तरी उलटलेल्या माणसाने, आठही अंगं टेकून असा नमस्कार घातला की हॉल उभा राहिला. इजोको माइक घेऊन जवळ आली. "हे कुणाकडचे?" मुलाकडचे, असं कुणीतरी ओरडलं. "मग न विचारता मधे पडले म्हणून दंड वीस युरो; पण नमस्कार यांचाच बरोबर, म्हणून दहा माफ." काकांनी दहाची नोट दिली. गेल्या वर्षभरात मी त्यांना इतक्या आनंदाने पैसे सोडताना पाहिलेलं नाही.

मुलगी आली ती तोंडावरून ओढणी घेऊन, मैत्रिणींच्या घोळक्यात नाचत. आईवडिलांपुढे गुडघे टेकून तिने आशीर्वाद घेतला, मग नवऱ्याच्या डोक्यावर टोपी चढवली. समोर मुलाकडून आलेल्या वस्तू मांडल्या होत्या : सुरणाचे नातलग शोभतील अशा याम कंदांची रास, मध, मीठ, साखर, तेल, बायबल. "रुखवत," काका म्हणाले. तिने त्यातून एकच वस्तू उचलायची असते. तिने बायबल उचललं, त्याला अंगठी बांधलेली होती. पाठोपाठ पैशाचं पाकीट मुलीकडे गेलं आणि काकांचा हात सवयीने वर गेला.

"आपल्याकडेही—"

"अहो," काकू म्हणाल्या, "इथे मुलाकडचे देतात."

काकांचा हात हवेत राहिला. मग त्यांना आठवलं. "देज! आपल्याकडेही पूर्वी देज द्यायचेच की, कितीतरी समाजांत."

"तुमच्या घरून माझ्या बाबांना दिलं होतं?"

काका पाणी प्यायले. तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी ते पाकीट मुलाकडच्यांना परत केलं. योरुबा घरांत ही पद्धत आहे. आम्ही मुलगी विकत नाही, आमच्या मुलीला सांभाळा म्हणजे झालं, असं सांगून पैसे मागे द्यायचे. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. काकू सर्वांच्या नंतरपर्यंत वाजवत होत्या.

जेवणात जोलोफ भात, एगुसीचं कालवण, कुटलेला याम, तळलेली केळी. लाल जोलोफ काकांनी आधी मसालेभात ठरवला, दुसऱ्या घासाला तिखटाने तो निर्णय मागे घेतला. मुलाकडच्यांच्या हौसेसाठी इग्बोंचा वाइनचा विधीही झाला. मुलगी पाम वाइनचा पेला घेऊन गर्दीत नवऱ्याला शोधते आणि वाटेतले पुरुष "इकडे, इकडे" म्हणून तिला फसवू पाहतात. काकांनीही हात वर करून तिला हाक मारली. काकूंनी तो हात खाली घेतला.

याच सुमारास नवऱ्याची आई आमच्या टेबलाशी आली. कमरेला गडद लाल, जरीकाठाचं जाड वस्त्र, दोन पदरी गुंडाळलेलं; गळ्यात पोवळ्यांच्या माळा. दिवसभर टायपासून टोपीपर्यंत सगळ्यावर हक्क सांगणाऱ्या काकांनी नेमकं त्या वस्त्राबद्दल म्हटलं, "हे मात्र खास तुमचं हं. असं आमच्याकडे नाही."

बाई हसायला लागल्या. "हे? हे जॉर्ज. हे तर तुमच्या इंडियातून येतं."

ते खरं आहे. मद्रासकडचं कापड युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून कधीचं पश्चिम आफ्रिकेला जात आलं आहे. सेंट जॉर्ज किल्ल्यावरून त्याला जॉर्ज म्हणतात असं सांगतात. नायजर नदीच्या मुखाकडचे लोक आणि इग्बो यांच्या लग्नाबारशात ते असायलाच हवं, आईकडून मुलीकडे पेटीतून जातं, आणि अजूनही भारतात तिकडच्या गिऱ्हाईकासाठी मुद्दाम काढलं जातं. बाईंनी पदराचं टोक काकांच्या हातात दिलं. काठाच्या आतल्या बाजूला जरीचे धागे अगदी आपल्या साडीसारखे सुटलेले होते.

काकांनी ते टोक बोटांत धरून उलटसुलट केलं. थाप मारण्याची याहून मोठी संधी त्यांना आयुष्यात मिळणार नव्हती. पण ती त्यांच्या हातून गेली होती. आपल्याकडचं काय आहे ते त्यांनी इतरांना सांगायचं असतं, इतरांनी त्यांना नव्हे. ते गप्प झाले. मग पुटपुटले, "मद्रास म्हणजे... तसं आपल्याकडे नव्हे म्हणा." बाई गेल्या. काका दहा मिनिटं एका केळ्याच्या कापाकडे बघत होते. अचानक माझ्या मांडीवर थाप पडली.

"तंजावर! व्यंकोजीराजांचं राज्य होतं की नाही तिकडे? मद्रासपासून किती लांब? मग!"

नाच सुरू झाला आणि नोटा उडायला लागल्या. त्याला स्प्रेइंग म्हणतात. वधूवर नाचतात, पाहुणे नाचत जवळ जातात आणि एकेक नोट त्यांच्या कपाळाला लावत, अंगावर सोडत राहतात. ढोलकी बोलती असते, वादक पाहुण्याचं नाव घेऊन स्तुती करतो, की त्याचाही खिसा हलतो. खुद्द नायजेरियात हा गुन्हा आहे. मध्यवर्ती बँकेच्या २००७ च्या कायद्याने नायरा उधळणं आणि तुडवणं दोन्हीला शिक्षा ठेवली, आणि २०२४ मध्ये बॉब्रिस्की या समाजमाध्यमांवर गाजलेल्या व्यक्तीला त्यापायी सहा महिन्यांची कैद झाली. युरोला हा कायदा नाही, पण युरोची सर्वांत लहान नोट पाचाची, त्यामुळे मुरलेली मंडळी आधीच एकेक डॉलरच्या गड्ड्या करून आणतात. काकांनी बँकेतून पाचाच्या दहा नोटा आणल्या होत्या. त्यातल्या दोन त्यांनी उडवल्या, म्हणजे वधूच्या हातात नीट दिल्या. आणि मग त्यांचं लक्ष जमिनीकडे गेलं.

पैसे वेचायला दोन मुली पिशव्या घेऊन होत्या, पण काकांचा जीव राहीना. कोण किती टाकतंय याचा कुणालाच पत्ता नव्हता! त्यांनी खिशातून पेन काढलं, कागदी रुमाल पसरला आणि लिहायला बसले. नावं माहीत नव्हती, म्हणून वर्णनं. निळी टोपी, अंदाजे चाळीस. हिरवा झगा, मिशी, साठ तरी. सोनेरी बूट, नुसताच नाचला. तीन रुमाल भरले. पिशवीवाल्या मुलीने वाकून विचारलं, हे कशासाठी?

"अगं, उद्या यांच्या घरी लग्न निघालं तर परत किती करायचं, ते कसं कळणार?"

मुलीने ते आईला जाऊन सांगितलं, आईने मावशीला. मावशी स्वतः आली, तिने रुमाल हातात घेऊन सोनेरी बुटांपर्यंत वाचला, वर पाहिलं, आणि घडी करून पर्समध्ये टाकला.

दहा वाजता तुर्की मालकाने घड्याळाकडे बोट दाखवलं. जर्मन रात्रीची शांतता सुरू झाली होती. आवाज कमी झाला, नाच नाही. निघताना प्रत्येकाच्या हातात वधूवरांचा फोटो छापलेलं एक प्लास्टिकचं घमेलं पडलं. काकांनी ते उलटं करून तळाशी तारीख आहे का पाहिलं. होती.

पार्किंगमध्ये इजोको तिच्या गाडीच्या डिकीत सामान कोंबत होती. गेले उतरलेला, पायांत चपला, हातात घमेलं. काका तिच्याजवळ गेले ते एका कसबी माणसाने दुसऱ्याकडे जावं त्या आदराने. मोडक्या इंग्रजीत आणि धडधाकट जर्मनमध्ये त्यांनी तिला आपल्याकडचं सगळं सांगितलं : विहीण कशी रुसते, तिच्या पंगतीला काय लागतं, नवऱ्याचे जोडे कसे पळवतात. ती डिकीला टेकून ऐकत होती. कानपिळीपाशी ती ताठ झाली. वधूचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो आणि त्याबद्दल त्याला भेट मिळते? तिने पर्समधून पेन काढलं.

"एका कानाचे किती घेता?"

काका म्हणाले, ठरलेलं असं काही नाही, मिळेल ते.

"आणि दुसरा कान," ती म्हणाली, "तसाच सोडून देता?"